तेरा नंबरचा डावा स्पीकर

गुरुवारी यवतमाळला मेडिकल होतं आणि संघदीप मनवर आठवडाभर आधीपासूनच दिवस मोजत होता. एसटीच्या ड्रायव्हरला तपासणी काही नवी नसते. डोळे बघतात, रक्तदाब बघतात, पोट सुटलं म्हणून चार शब्द सुनावतात आणि माणूस शिक्का घेऊन परत स्टिअरिंगवर बसतो. यंदा मात्र कानही तपासणार होते. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावायचा, त्यातून बारीक आवाज सोडायचा, आणि ऐकू आला की आपण हात वर करायचा. डेपोतल्या बाकीच्यांना या शाळकरी प्रकाराचं हसू येत होतं. संघदीपला येत नव्हतं. त्याच्या डाव्या कानातून बारीक आवाज हळूहळू निघून गेले होते, आणि ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

संघदीप मूळचा नेरकडचा, वय त्रेचाळीस, खाकी शर्टाला स्वतःच्या हातानं इस्त्री करणारा. बाभुळगाव-राळेगावच्या रस्त्यावर म्हातारी माणसं दोन गाड्या सोडून त्याच्या गाडीसाठी थांबायची, कारण तो खड्ड्यात गाडी आपटत नसे. गावात मात्र लोक त्याला गर्विष्ठ म्हणत. डावीकडून कुणी ‘जय भीम, संघदीपभाऊ’ म्हणालं तरी हा आपला नाक वर करून सरळ पुढं! पानठेल्यावर बसणारे बबनराव सांगायचे, “नोकरी लागली आन् याची मान वाकडी झाली.” संघदीपच्या कानावर ते आलं होतं, अर्थात उजव्या. त्यानं ते तसंच राहू दिलं. गर्विष्ठ माणसाला गाडी चालवता येते, बहिऱ्याच्या हाती कुणी गाडी देत नाही.

हा कान गेला कसा, ते सांगायला पुण्याला जावं लागेल, वीसेक वर्षं मागं.

आयटीआय करून संघदीप भोसरीच्या एका कारखान्यात कंत्राटी लागला होता. खोलीत सगळी आपल्याकडचीच पोरं. त्यातला शाम राठोड राळेगावकडच्या तांड्यावरचा, आणि याचा जिवलग. कॅम्पात एका हॉटेलच्या तळघरात नाचायचा क्लब होता. बाहेर त्याचं काहीतरी झकपक इंग्रजी नाव होतं, पण खाली उतरायच्या जिन्यावर तेरा आकडा रंगवलेला, म्हणून सगळे त्याला तेरा नंबरच म्हणत. मुंबईची माणसं गाड्या काढून तिथं यायची. साता समुद्रापलीकडचे डीजे तिथं येऊन वाजवून जायचे. कारखान्यातला एखादा पोरगा तिथं आत जाऊन आला अशी नुसती अफवा उठली तरी जेवणाच्या सुट्टीत लोक त्याच्याभोवती डबे घेऊन बसायचे.

आत जाणं सोपं नव्हतं. चप्पल चालत नसे आणि सोबत मुलगी नसलेला पोरगा तर मुळीच चालत नसे. दोघांनी जुन्या बाजारातून बूट आणले, मुलगी कुठून आणणार? दारावर पूनमसिंग नावाचा आडदांड माणूस उभा असायचा. तो दर शनिवारी या दोघांना हाकलायचा आणि हे दोघं पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. एकदा असंच हाकलल्यावर शाम चिडून आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी पुटपुटला. पूनमसिंगनं मान वळवली. मग तिथंच, पाठीमागं मोटारींची रांग खोळंबलेली असताना, चौकशी सुरू झाली. तांडा कोणता, नायक कोण, गोत कोणतं, आजोळ कुठलं. परमुलखात दोन बंजारा माणसं भेटली की एवढं झाल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. शामच्या आईचं माहेर आणि पूनमसिंगचा तांडा एकच निघाला. म्हणजे हा मामा झाला, आणि भाच्याला दारातून परत लावील तो मामा कसला?

मामानं दोघांना मागच्या जनरेटरच्या दारानं आत घेतलं, पण बजावून.

“डाव्या स्पीकरपाशी उभं राह्यचं,” तो म्हणाला. “तिथं आवाजापायी कोणी थांबत नाही. मधी जायचं नाही, कोणाच्या पोरीकडं पाह्यचं नाही. मालकाले दिसले तं माही नोकरी गेली समजा.”

तो स्पीकर पुरुषभर उंच होता. शाम हुशार, तो त्याच्या मागच्या कोपऱ्यात सरकला. संघदीप बाजूला राहिला, डावा कान स्पीकरकडे करून, कारण तिथून सगळं दिसत होतं. धूर, निळा उजेड, घामानं ओल्या झालेल्या भिंती आणि एका तालात वरखाली होणारी शेकडो डोकी. गाण्याला शब्द नव्हते. नुसता ठोका, एकसारखा. अर्ध्या तासानं त्यानं शामच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “गाणं कवा सुरू होते बे?”

“हेच हाये गाणं,” शाम ओरडला.

आणि मग ते अंगात शिरलं. आधी तळपायातून, मग बरगड्यांतून. संघदीप नाचायला लागला तो पहाटे दिवे लागेपर्यंत. जयंतीच्या मिरवणुकीत तो लहानपणापासून नाचला होता, पण तिथं सगळा गाव ओळखीचा. इथं अंधारात कुणाला कुणाचं नाव ठाऊक नव्हतं. गावात माणूस तोंड उघडायच्या आधी त्याची वस्ती ओळखली जाते, कारखान्यात तो बिल्ल्याचा नंबर असतो. इथं शेजारी नाचणाऱ्या कुठल्याशा साहेबाच्या पोरानं घामेजला हात त्याच्या खांद्यावर टाकला आणि आडनाव विचारलं नाही. दारात गोत विचारून आत घेतलं आणि आत कुणाला कशाचंच सोयरसुतक नाही, याची त्याला गंमत वाटायची. इतका सुखी तो त्याआधी कधी झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही.

तीन वर्षं तो शनिवार चुकला नाही. पहाटे बाहेर पडल्यावर कानात शिट्टी वाजत असायची. चहाच्या टपरीवर हे दोघं एकमेकांशी इतक्या जोरात बोलायचे की लोकांना भांडण वाटे. दुपारपर्यंत शिट्टी विरायची. मग कंत्राट संपलं, तेरा नंबरही बंद पडला, तिथं म्हणे गाड्या लावायला जागा केली. संघदीप गावी परतला, एसटीत लागला, दीपमालाशी लग्न झालं, पायल झाली. शाम तांड्यावर शेती करू लागला.

आणि काही वर्षांनी एका दुपारी, रिकामी गाडी डेपोकडं आणताना, ती शिट्टी डाव्या कानात पुन्हा वाजली. संघदीपला आधी बरंच वाटलं. त्याला वाटलं, तेरा नंबर आपल्याला विसरला नाही. पण ती संध्याकाळी थांबली नाही, दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, आणि तिच्या मागं एकेक आवाज गायब व्हायला लागला. कुकरची शिट्टी गेली, चिमण्या गेल्या, आणि मग घंटी गेली.

घंटी म्हणजे एसटीचा जीव. गाडीच्या छताखालून एक दोरी जाते, तिच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्यामागं डाव्या बाजूला घंटी असते. कंडक्टरनं एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. डबल झाल्याशिवाय गाडी हलत नाही आणि सिंगल झाल्यावर गाडी हलू शकत नाही, ही या धंद्यातली काळ्या दगडावरची रेघ. उजव्या कानात खिडकीचा वारा आणि इंजिनाची घरघर, त्यात डाव्याला ती घंटीच ऐकू येईना तेव्हा संघदीपचं धाबं दणाणलं. पण गाडी तर चालवायची होती. त्यानं तेरा नंबरची विद्या बाहेर काढली. दार आपटलं की हादरा पत्र्यातून पायाला लागायचा, पाठोपाठ आणखी दोन बारीक ठोके यायचे. एवढ्यावर तो गाडी काढायचा, आणि वर्षभरात एकदाही चुकला नाही. आपण कानाशिवाय ऐकतो याचा त्याला मनातून थोडा गर्वच झाला होता. म्हणजे बबनराव अगदीच खोटं बोलत नव्हते.

मेडिकलच्या दोन दिवस आधी बाभुळगावचा बाजार होता. परतीच्या गाडीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कंडक्टर राखी आडे तिकिटं फाडत पार मागच्या बाकापाशी अडकली होती. एका फाट्यावर रुपीबाई नावाची म्हातारी गाठोडं घेऊन उतरली. उतरता उतरता आतल्या कुणीतरी दार ओढून घेतलं, आणि तिचा पदर दारात अडकला.

दाराचा हादरा संघदीपच्या पायाला लागला. नंतरचे ठोके आले की नाही, ते त्याला नीटसं कळलं नाही. बाजारच्या गाडीत माणसं पाय आपटतच असतात. डाव्या आरशात मावळतं ऊन भरलं होतं. त्यानं गाडी काढली.

मागं राखीनं घंटी ओढली, एकदा. गाडी थांबेना म्हणून थोड्या वेळानं पुन्हा एकदा. गाडीत ओरडा झाला, पण बाजारच्या गाडीत ओरडा कधी नसतो? शेवटी राखी माणसांच्या अंगावरून वाट काढत पुढं आली आणि हातातलं तिकिटाचं मशीन तिनं त्याच्या पाठीमागच्या पत्र्यावर दाणदाण आपटलं. ते त्याच्या पाठीला लागलं. त्यानं ब्रेक मारला.

पदर फाटला म्हणून म्हातारी वाचली. गुडघा सोलला होता, कोपर रक्तानं भरलं होतं, आणि ती रस्त्यात बसून फाटलेलं लुगडं हातात धरून बघत होती. लोक खाली उतरले आणि सरळ राखीवर तुटून पडले.

“बाई, म्हातारी खाली पडून राह्यली आन् तू डबल मारतं?”

“मी डबल नाही मारली,” राखी म्हणाली.

“मंग गाडी का हवेनं चालली?”

सगळे संघदीपकडं वळले. राखी त्याच्याकडं बघत होती. सगळी नोकरी, घर, पायलचं कॉलेज त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्याच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं.

“डबल झाली म्हणून गाडी काढली ना.”

राखी वळून म्हातारीपाशी गेली. रुपीबाईला उचलून तिनं गाडीत बसवलं, आपल्या पाण्याच्या बाटलीनं तिचा गुडघा धुतला आणि दवाखान्यापर्यंत तिचा हात सोडला नाही. संघदीप पुढं बघून गाडी चालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी डेपोत राखीची ड्यूटी काढून तिला गाडीवरून उतरवलं. शुक्रवारी साहेबांपुढं उभं राहून खुलासा द्यायचा होता. ड्रायव्हरनं डबल झाली सांगितलं, प्रवाशांनी गाडी हलताना पाहिली, म्हणजे तिची चूक असंच सगळे धरून चालले होते. तिच्या घरी दोन लहान पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. संघदीप तिला टाळत होता, पण कँटीनमध्ये ती स्वतःच येऊन त्याच्यासमोर बसली. उजव्या बाजूला बसली, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं.

“भाऊ, मी एकच मारली होती,” ती म्हणाली. “तुमाले मालूम हाये.”

तो चहाचा ग्लास उगाच गोल फिरवू लागला.

“वर्षभर मी डबल मारली का पायानं पत्र्यावर दोनदा ठोकून राह्यली. तुमाले वाटलं काय, मले तसा नाद हाये म्हणून?”

त्याचा हात थांबला. दार आपटल्यावर पायाला लागणारे ते दोन बारीक ठोके. ज्या विद्येवर तो मनात मिशीला पीळ देत होता, ती राखीच्या सँडलची टाच होती.

“तुले मालूम होतं?”

“पयल्याच महिन्यात. मी इकून घंटी मारू, तुमी आरशात पाहत बसा. म्हटलं, इतकी सांभाळून गाडी चालवणारा माणूस हाये, जाऊ द्या. त्या दिवशी मी मांगं होती. पाय पोचला नाही माहा. माह्या तोंडून तुमचं नाव निघणार नाही, भाऊ. पण मी डबल मारली असं बी मी कबूल करणार नाही. मंग साहेब काय करतीन ते करतीन.”

ती उठून गेली. तिनं त्याला शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी त्यानं शामला फोन लावला. वर्षातून दोनदा ते बोलायचे आणि बोलणं फिरून तेरा नंबरवरच यायचं.

“शाम, तुह्या कानात वाजते काय बे अजून?”

“नाही. काहून? मी तं स्पीकरच्या मांगं राह्यचो. तुलेच लय हौस होती पुढची.” मग त्याच्या ध्यानात आलं. “कान गेला काय तुहा?”

“डावा. घंटीच ऐकू नाही येत. काल त्याच्यापायी एक म्हातारी मरता मरता वाचली.”

“मामानं लयच महागात आत घेतलं गड्या आपल्याले,” शाम म्हणाला. “मी म्हणतो, समज, आता कोणी म्हटलं का चाल तेरा नंबरले, जाशीन?”

“आत्ता जाईन,” संघदीप म्हणाला. विचारसुद्धा करावा लागला नाही. “पण तो माहा कान होता, शाम. म्हातारी कायले त्याच्यात?”

फोन ठेवून वळला तर दारात दीपमाला उभी. अलीकडं तो फोनवर ओरडूनच बोलायचा, तिनं सगळं ऐकलं होतं. ती रागावेल असं त्याला वाटलं. ती पायरीवर बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“मी रोज निजताना बोलते,” ती म्हणाली. “तुमी हूं बी म्हणत नाही. मले वाटे, मन उडालं तुमचं माह्यावरून.”

ती त्याच्या डाव्या बाजूला निजत असे, आणि तो उजवा कान उशीत घालून. संघदीपनं तिचा हात धरला आणि उजवा कान तिच्याकडं येईल असा पायरीवर बसला. नोकरी गेली तर काय, हे तिनं विचारलं नाही. कधी कधी दुसरं काम देतात, कधी घरी पाठवतात, हे एसटीवाल्याच्या बायकोला सांगावं लागत नाही.

गुरुवारी तो काचेच्या खोलीत बसला. मशीनवर एक तरुण पोरगी होती. आपला हात त्याला दिसू नये म्हणून तिनं त्याला पाठमोरं बसवलं. पण त्याच्यासमोर औषधांचं काचेचं कपाट होतं, आणि त्या काचेत तिच्या मशीनवरचा लाल दिवा स्वच्छ दिसत होता. आवाज सोडला की दिवा लागायचा.

उजवा कान सुरळीत पार पडला. मग डावा. जाडे आवाज आले, त्यानं हात वर केला. आवाज बारीक होत गेले आणि मग काचेत दिवा लागला, पण कानात शिट्टीशिवाय काही नव्हतं. त्याचा हात आपसूक वर गेला. पुन्हा दिवा लागला, पुन्हा हात गेला. वर्षभर आरशात बघून गाडी चालवणाऱ्याला यात काय अवघड? काचेत त्या पोरीनं समाधानानं मान हलवलेली त्याला दिसली. आणखी पाच-सहा वेळा असाच हात वर केला की तो निवृत्तीपर्यंत मोकळा होता. आणि राखी शुक्रवारी खोटी ठरली असती, आणि पुढच्या बाजारी पुन्हा कुणी गाठोडं घेऊन उतरणारच होतं.

संघदीपनं डोळे मिटून घेतले.

हात मांडीवर ठेवून तो वाट बघत बसला. अगदी जीव कानात आणून बसला. काहीच आलं नाही. एवढी वर्षं तो कशावर पांघरूण घालत होता, ते त्याला आता नीट कळलं. तिथं, त्या बाजूला, कुणीही किती ओरडलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता.

खांद्याला हात लागला तसा तो दचकला. ती पोरगी समोर उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. तपासणी संपून बराच वेळ झाला होता. ती मागून डाव्या बाजूनं त्याला हाका मारत होती, आणि उजवा कान हेडफोनखाली बंद होता.

“काका, आधी तर तुम्हाला सगळं ऐकू येत होतं,” ती म्हणाली.

“ते दोन हात खोटे होते, बाई. तेवढे खोडून टाका,” संघदीप हेडफोन काढत म्हणाला. “आन् हा रिपोर्ट मले आजच द्या. मले तो घेऊन डेपोत जाच लागते, तिथं माह्यापायी एका बाईले गाडीवरून उतरवलं हाये.”